खोदण्याआधी: जमिनीखालच्या वाहिन्या सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासच्या गावांत ड्रेनेज, पावसाळी गटारं आणि रस्त्यांच्या कामांवर मी बावीस वर्षं साइट इंजिनिअर आहे. ठेकेदार, मुकादम, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि नव्याने साइटवर रुजू झालेली मुलं-मुली जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

शहरातल्या साध्या रस्त्याखाली काय काय असतं?

पिण्याच्या पाण्याची मुख्य लाइन, तिच्यावरून घराघरांत गेलेली कनेक्शनं, ड्रेनेज, पावसाळी वाहिनी, महावितरणच्या उच्चदाब आणि लघुदाब केबल, पथदिव्यांची केबल, पाइप गॅस, दोन-चार कंपन्यांचे फायबरचे डक्ट, सिग्नलच्या वायरी. याशिवाय बंद पडलेल्या जुन्या लाइनी, ज्या कुणी काढलेल्याच नसतात. बंद समजलेली लाइन चालू निघाल्याचे प्रसंग मी अनेकदा पाहिलेत. म्हणून ज्याची ती लाइन आहे त्याने लेखी "बंद आहे" म्हणेपर्यंत ती चालूच धरायची.

जुन्या शहरांत यापेक्षाही जुनं काही सापडतं. पुण्यात अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेला दगडी नळ आहे, छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर आहे. दगडी बांधकाम लागलं की "जुना पाया असेल" म्हणून ब्रेकर लावू नका. थांबा आणि पालिकेला कळवा. अडीचशे-चारशे वर्षं टिकलेलं काम आपल्या हातून फुटू नये.

खोदाईची परवानगी आहे, सगळ्या विभागांचे नकाशेही मिळाले. आता मशीन लावू का?

नाही. परवानगी म्हणजे रस्ता फोडायची मुभा. खाली काय आहे याची हमी त्यात नसते. नकाशा हा काय टाकायचं ठरलं होतं त्याचा कागद. प्रत्यक्ष टाकताना मधे खडक लागतो, झाड येतं, दुसऱ्याची केबल आडवी येते आणि लाइन दोन फूट सरकते. ते सरकणं कागदावर क्वचितच येतं. शिवाय बऱ्याच जुन्या नकाशांवर अंतर "रस्त्याच्या कडेपासून" दिलेलं असतं, आणि रुंदीकरणात ती कडच हलून गेलेली असते.

नकाशे मागायचेच, पण एवढ्यासाठी की चाचणी खड्डा कुठे घ्यायचा ते कळावं. खरं काय ते खड्ड्यात डोळ्यांनी दिसतं.

नकाशावर खोलीही लिहिलेली असते. ती तरी खरी धरायची ना?

खोलीवर तर सर्वांत कमी विसंबा. भारतीय मानकानुसार (आयएस 1255) लघुदाब केबल 0.75 मीटर, 11 केव्हीपर्यंतची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उच्चदाब केबल 0.9 मीटर आणि 22 ते 33 केव्हीची केबल 1.05 मीटर खाली असायला हवी. गॅसची मुख्य लाइनही साधारण मीटरभर माती अंगावर घेऊन असते. हे टाकण्याच्या दिवशीचे आकडे झाले. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढतात आणि खोली वाढते. उलट, काँक्रीटीकरणासाठी जुना रस्ता खरवडून पाऊण मीटर खाली गेलात, तर मीटरभर खोल असलेली केबल पायाखाली एका वितीवर येते. माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत जास्त नुकसान काँक्रीटीकरणाच्या कामांत झालंय, आणि त्याचं मुख्य कारण हेच.

वरून बघून काही अंदाज येतो का?

भरपूर येतो, पण त्यासाठी काम सुरू होण्याआधी पूर्ण रस्ता एकदा पायी चालावा लागतो, तोही मुकादमाला सोबत घेऊन. व्हॉल्व्हची झाकणं, ड्रेनेज चेंबर, फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी), डीपी, गॅसचे मार्कर, केबलचे दगडी किंवा लोखंडी मार्कर, भिंतीतून बाहेर आलेले पाइप हे सगळं बघायचं. दोन व्हॉल्व्हची झाकणं जोडणारी सरळ रेषा मनात ओढली की पाण्याची लाइन तिथेच कुठेतरी असते. डांबरातला लांबट, वेगळ्या रंगाचा पट्टा म्हणजे कुणीतरी तिथे चर खणून भरलाय. एखाद्या घराचा गॅस मीटर रस्त्याकडच्या भिंतीवर दिसला, तर त्याची लाइन तुमच्या चराला आडवी येणारच.

चहाच्या टपरीवाल्या काकांनाही विचारा. मागच्या पाच वर्षांत तिथे कुणी कुणी खोदलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

जीपीआर मशीनने तपासलं की सगळं दिसतं, असं सांगतात. खरं आहे का?

काही अंशी. जीपीआर जमिनीत रेडिओ लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून खाली काय असावं ते दाखवतं. कोरड्या मुरमात ते चांगलं चालतं. आपल्या काळ्या मातीत, त्यातही ती ओली असली तर, लहरी मातीतच जिरतात आणि अर्धा-एक मीटरच्या खाली फारसं काही हाती लागत नाही. म्हणून सर्वेक्षण उन्हाळ्यात करून घ्या.

केबल लोकेटर हे वेगळं यंत्र. वीज वाहत असलेली केबल ते शोधतं. पण केबलवर भार नसेल, म्हणजे दिवसा बंद असलेले पथदिवे वगैरे, तर वीज शोधण्याच्या मोडवर ती दिसणार नाही. अशा केबलवर बाहेरून सिग्नल सोडून माग काढावा लागतो. प्लॅस्टिकचा गॅस पाइप किंवा पाण्याचा एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) पाइप याला मुळीच दिसत नाही, सोबत धातूची तार टाकलेली असेल तरच. दोन्ही यंत्रं वापरावीत, त्यांनी दाखवलेल्या जागा चुन्याने आखाव्यात. मात्र यंत्राने "काही नाही" म्हटलेली जागा मोकळी समजू नये.

चाचणी खड्डा नेमका कसा घ्यायचा?

याच प्रश्नावर मी सगळ्यांत जास्त बोलतो. लाइन जिथे असेल असं वाटतं, तिथे चराला आडवा, साधारण मीटरभर रुंद खड्डा हाताने घ्यायचा. आडवा अशासाठी की लाइन थोडी इकडेतिकडे असली तरी सापडते. खोली तुमच्या चराच्या खोलीइतकी किंवा लाइन दिसेपर्यंत.

वरचा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर फोडायला छोटा ब्रेकर चालेल, पण थर सुटला की तो बाजूला ठेवायचा. त्यापुढे फावडं, तेही आडवं, माती खरवडत. पहार आणि टिकाव लाइनीच्या आसपास नकोच. केबल मशीननेच तुटते असं लोकांना वाटतं. माणसाला शॉक बसलेले जे प्रसंग मला माहीत आहेत त्यांतले बहुतेक पहारीचे आहेत, कारण पहार सरळ खाली जाते, टोकदार असते आणि पूर्ण धातूची असते. फावड्यांचे दांडे कोरडे लाकडी किंवा इन्सुलेशन केलेले असावेत आणि पायात रबरी बूट हवेत. चपलेवर काम करणाऱ्या माणसाला मी खड्ड्यात उतरू देत नाही.

खणताना मातीकडे लक्ष ठेवा. काळ्या मातीत एकदम वाळू लागली तर थांबा. वाळू कुणीतरी आणून टाकलेली असते, तिच्याखाली केबल असते. विटा किंवा फरशा ओळीने मांडलेल्या दिसल्या तर तेच. प्लॅस्टिकची पट्टी लागली तर तिच्यावर लिहिलेलं वाचा.

लाइन दिसली की तिची खोली, व्यास आणि दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर लिहून घ्या, फोटो काढा, खड्डा भरताना वर खूण ठेवा. किती खड्डे? सरळ रस्त्यावर दर पंचवीस-तीस मीटरला एक, आणि प्रत्येक चौकात, वळणावर, आडव्या जाणाऱ्या लाइनीवर एकेक. हा माझ्या साइटचा रिवाज आहे.

पाइपच्या रंगावरून लाइन ओळखता येते ना?

अंदाज करता येतो, ओळख पटत नाही. गॅसचा प्लॅस्टिक पाइप पिवळा किंवा नारिंगी असतो. पण फायबरचे डक्टही नारिंगी मिळतात. पाण्याचा एचडीपीई पाइप काळा, निळ्या रेघांचा. काळी केबल तर विजेचीही असते आणि टेलिफोनचीही. चिखलाने माखल्यावर सगळे पाइप सारखेच दिसतात. शंका असेल तर गॅस आहे, वीज आहे असं धरून वागा.

"कॉल बिफोर यू डिग" हे ॲप काय आहे?

दूरसंचार विभागाच्या पुढाकाराने तयार झालेलं हे ॲप 22 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. देशात दरवर्षी सुमारे 10 लाख ठिकाणी फायबर केबल तुटते आणि अशा बेताल खोदाईतून अंदाजे 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. खोदणाऱ्याने जागा, तारीख आणि कामाचं स्वरूप ॲपवर नोंदवायचं. तिथे ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना सूचना जाते आणि ते तुमच्याशी संपर्क साधतात.

जरूर वापरा. फायबरच्या बाबतीत विशेष उपयोग होतो, कारण खाजगी कंपन्यांचे नकाशे मिळवणं एरवी फार कठीण जातं. फक्त एक लक्षात ठेवा: ज्या वाहिनीची नोंदच झालेली नाही, तिच्याबद्दल ॲप गप्प राहतं. सोसायटीची स्वतःची पाण्याची लाइन त्यात कुठून येणार?

आमच्याच सोसायटीच्या आवारात खोदायचं आहे. तिथे कुणाला विचारायचं?

आवारातली जमीन सोसायटीची असली तरी गॅसची लाइन गॅस कंपनीची आहे आणि मीटरपर्यंतची वीजकेबल बहुतेक ठिकाणी वीज कंपनीची. दोघांना कळवायचंच. त्यानंतर जुने वॉचमन, प्लंबर आणि पहिल्या कमिटीतल्या आजोबांना गाठा. टाकीपासून बोअरपर्यंतची केबल, बागेतल्या दिव्यांची वायर, नंतर टाकलेला इंटरनेटचा पाइप हे सगळं याच मंडळींना माहीत असतं. आवारातल्या लाइनी रस्त्यावरच्यांपेक्षा उथळ असतात, कधी कधी पेव्हर ब्लॉकच्या खाली वीतभरच. झाड लावण्यासाठी खड्डा घेताना केबल तुटल्याची उदाहरणं कमी नाहीत.

बोअरवेल घेताना तर एवढंसं भोक पडतं. त्यानेही धोका असतो?

फार मोठा. ठाण्यात बोअरवेल खोदताना मुंबईला पाणी आणणाऱ्या भूमिगत बोगद्यालाच छिद्र पडलं होतं. जमिनीच्या शंभरएक मीटर खालचा हा बोगदा भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जातो आणि मुंबईचं बरंचसं पाणी त्यातूनच येतं. दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवावा लागला आणि 31 मार्च 2023 पासून महिनाभरासाठी मुंबईत 15 टक्के पाणीकपात जाहीर झाली, तीही ऐन उन्हाळ्यात. एका बोअरमुळे लाखो घरांची पाण्याची बादली आटली. त्यामुळे "एवढ्या खोल काय असणार" हा विचार सोडा. बोअर घेण्याआधी पाणीपुरवठा विभागाला आणि मेट्रो असलेल्या शहरांत मेट्रोलाही विचारा.

जेसीबी आणि पोकलेन लाइनीच्या किती जवळ नेता येतं?

माझ्या साइटवर सापडलेल्या लाइनीच्या दोन्ही बाजूंना एक मीटर मशीन बंद. तेवढा पट्टा हाताने. मशीनच्या पुढे एक माणूस फक्त बघायला उभा असतो, त्याला दुसरं काम नाही. त्याने हात वर केला की ऑपरेटरने थांबायचं, कारण नंतर विचारायचं. शक्य असेल तिथे दात नसलेली बकेट लावा.

ऑपरेटरशी सकाळी दहा मिनिटं बोला. मशीनचं भाडं तासावर असतं, त्यामुळे त्याच्यावर घाई लादलेली असते. "साहेब, इथे काही नाही, मागच्या वर्षी मीच खोदलंय," असं तो मनापासून सांगतो. मागच्या वर्षीनंतर तिथे कुणी काय टाकलं ते त्याला कसं कळणार? मी म्हणतो, "दादा, इथे वेळ गेला तर तो माझा, तुमचा तास धरला जाईल." त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि हात आपोआप हलका चालतो.

उघडी पडलेली लाइन तशीच लटकत ठेवली तर चालते का?

नाही. पाण्याचे जुने बिडाचे पाइप शिशाच्या सांध्यांवर जोडलेले असतात. खालची माती निघाली की पाइप वाकत नाही, सांधा सुटतो. लहान गावांत अजून ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप आहेत, ते तर सरळ तुटतात. चरावर आडवे वासे किंवा लोखंडी चॅनेल टाकून रुंद पट्ट्यांनी लाइनीला ठरावीक अंतरावर आधार द्या. तार किंवा दोरी बांधू नका, ती रुतते. उघड्या केबलवर पाय देऊन चरात उतरणं तर मुळीच नको.

शेजारून समांतर जाणाऱ्या, तुम्हाला न दिसणाऱ्या लाइनीचीही काळजी घ्यावी लागते. चराची बाजू ढासळली की ती लाइनही मातीबरोबर येते. दीड मीटरच्या खाली गेलात की फळ्यांचा आधार द्या, काळ्या मातीत त्याआधीच.

रस्ता न फोडता आडवं ड्रिलिंग केलं तर प्रश्नच मिटतो, नाही का?

प्रश्न वेगळा होतो. आडव्या ड्रिलिंगमध्ये ड्रिलचं तोंड वाटेत काय फोडतंय ते वरच्या माणसाला दिसत नाही. सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे ड्रिल ड्रेनेजच्या पाइपमधून आरपार जातं आणि मागून येणारा गॅसचा पाइप त्याच भोकातून ओढला जातो. त्या दिवशी काहीच होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ड्रेनेज तुंबतं, सफाईसाठी सळई किंवा कटर घातला जातो आणि तो गॅसच्या पाइपला लागतो. गॅस ड्रेनेजवाटे थेट घरात. म्हणून वाटेतल्या प्रत्येक लाइनीवर आधी खड्डा घेऊन खोली पक्की करा, आणि काम झाल्यावर ड्रेनेजमध्ये कॅमेरा फिरवून बघा.

लाइन तुटली नाही, फक्त ओरखडा आलाय. कळवायलाच हवं?

हो. त्याच दिवशी, माती टाकण्याआधी.

मी नवीन असताना एका उपनगरात आमच्या मशीनने उच्चदाब केबलचं वरचं आवरण फाडलं. दिवे गेले नाहीत, कुणी ओरडलं नाही. मुकादमाने टेप गुंडाळली आणि माती लोटली. मी तिथे होतो आणि मी गप्प बसलो. जुलैत पहिल्या मोठ्या पावसात त्याच जागी केबल उडाली आणि दोन दिवस वस्ती अंधारात होती. त्या वस्तीत घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असलेले एक गृहस्थ होते, त्यांना रात्री दवाखान्यात हलवावं लागलं. ते वाचले. मला ती रात्र अजून आठवते. आवरण फाटलं की पाणी आत शिरतं, आणि केबल खोदाईच्या दिवशी नाही तर पावसाळ्यात जाते.

गॅसच्या बाबतीत याहून भयंकर होतं. बेल्जियममधल्या गिस्लेंगियाँ इथे औद्योगिक वसाहतीच्या बांधकामात एका यंत्राने उच्चदाब गॅसवाहिनीला ओरखडा काढला होता. वाहिनी तेव्हा फुटली नाही. पुढे आतला दाब वाढवला गेला, आणि 30 जुलै 2004 रोजी तिचा स्फोट झाला. 24 माणसं गेली, त्यांत गळतीची वर्दी मिळून धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते.

ओरखडा कळवणाऱ्या माणसाला साइटवर रागावू नका. एकदा रागावलात की पुढचा ओरखडा तुम्हाला कधीच कळणार नाही.

गॅसची लाइन फुटली तर?

मशीन जिथल्या तिथे थांबवून इंजिन बंद करा आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सगळ्यांना लांब न्या. विडी-सिगारेट नाही, स्विच नाही, मोबाइल लांब गेल्यावरच. गॅस कंपनीचा आपत्कालीन क्रमांक लाइनीच्या मार्करवर लिहिलेला असतो, तो काम सुरू होण्याआधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. अग्निशमन दलासाठी 101 किंवा 112. आजूबाजूच्या घरांना चुली आणि दिव्यांना हात न लावता बाहेर यायला सांगा.

पाइप हाताने दाबायला, दुमडायला किंवा वर माती टाकायला जाऊ नका. प्लॅस्टिकच्या पाइपवर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. आणि माती टाकल्याने गॅस थांबत नाही, तो जमिनीतून वाट काढत शेजारच्या तळघरात किंवा चेंबरमध्ये साठतो.

केबल तुटली आणि ऑपरेटर मशीनमध्येच आहे. त्याने उतरावं का?

उतरू नये. वीज कंपनी पुरवठा बंद केल्याचं सांगेपर्यंत त्याने केबिनमध्येच बसायचं, धातूला हात न लावता. बाहेरच्या कुणीही मशीनला शिवायचं नाही. मशीनने पेट घेतला तरच दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची, एकाच वेळी मशीन आणि जमीन दोन्हींना स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि पाय जुळलेले ठेवूनच लहान उड्या मारत दूर जायचं. तुटलेली केबल शांत दिसली म्हणून ती मेलेली समजू नका. उपकेंद्रातून पुरवठा पुन्हा सुरू केला जाऊ शकतो. महावितरणसाठी 1912.

पाण्याची लाइन फुटली तर त्यात एवढं काय? दुरुस्त केली की झालं.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. दुपारी लाइनीला चीर गेली तर त्या क्षणी काहीच दिसत नाही, कारण लाइन रिकामी असते. चर भरला जातो. मग पाणी बंद असताना त्या चिरेतून चरातलं घाण पाणी आत जातं, आणि शेजारीच ड्रेनेज असेल तर तेही. सकाळी पाणी सुटलं की ते घरोघरच्या हंड्यांत. गावात अचानक जुलाब-उलट्यांची साथ आली की पहिला प्रश्न विचारला जातो: इथे नुकतं कुणी खोदलं होतं?

म्हणून पाण्याच्या लाइनीजवळचा चर भरण्याआधी एकदा पाण्याच्या वेळेत उघडा ठेवून बघा. गळती दिसली तर व्हॉल्व्हमनला बोलवा. स्वतः व्हॉल्व्ह फिरवू नका. मोठ्या लाइनीवर व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर दाबाचा धक्का बसून दुसरीकडे पाइप फुटतो.

वरच्या तारांचं काय?

इमारतीपासून ठेवायच्या अंतराचे नियम आहेत: लघुदाब तारेपासून आडवं 1.2 मीटर आणि उभं 2.5 मीटर. 11 केव्हीला आडवं 1.2, 33 केव्हीला 2 मीटर आणि दोन्हींना उभं 3.7 मीटर. हे इमारतीसाठी झालं. परांचीच्या बांबूवर, हातात उभी धरलेल्या सळईवर आणि हौदा वर केलेल्या डंपरवर वेगळं लक्ष ठेवावं लागतं. तारेखालून वाहनं जाणार असतील तर दोन्ही बाजूंना बांबूची कमान उभारा, कमानीला लागलेलं वाहन तारेपर्यंत पोचत नाही.

पेट्रोल किंवा गॅसची मोठी पाइपलाइन शेतातून गेली आहे. त्यावर गोठा बांधता येईल का?

नाही. 1962 च्या पेट्रोलियम वाहिन्यांच्या कायद्याखाली त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळं, खोदकाम आणि झाडं लावणं मना आहे. नेहमीची पिकं घेता येतात. शेततळं घेणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं.

चाचणी खड्ड्यांचा खर्च कुणी करायचा?

इथेच घोडं अडतं. बऱ्याच टेंडरांत चाचणी खड्ड्यांची वेगळी बाब नसते. "ठेकेदाराने सर्व वाहिन्यांची काळजी घ्यावी" असं एक वाक्य असतं, आणि पैसे नसलेलं काम होत नाही. अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: खड्डे नगावर धरा, त्यांचा दर द्या, आणि लाइनी हलवायला लागणारे दिवस वेळापत्रकात दाखवा. पावसाळ्याआधी काम संपवायची घाई मे महिन्यात सुरू होते आणि लाइनी मे महिन्यातच सर्वाधिक तुटतात.

चर भरताना काय बघायचं?

लाइनीच्या भोवती वाळू किंवा चाळलेली माती, दगड नाही. खालची माती नीट कुटलेली हवी, नाहीतर पाइप नंतर बसतो. निघालेल्या विटा आणि पट्टी पुन्हा जागेवर. त्यानंतर खोदाईत सापडलेल्या सगळ्या लाइनींची मोजमापं आणि फोटो पालिकेच्या पथ विभागाला आणि लाइनीच्या मालकांना द्या, कुणी मागितले नसले तरी. मी त्याची पोच घेऊन ठेवतो, आणि त्याच रस्त्यावर दुसरा ठेकेदार आला की त्यालाही एक प्रत देतो.